नेम एकीकडे, बार भलतीकडे

महाराष्ट्र विधानसभेच्या २००९, २०१४ आणि २०१९ या सलग तीन निवडणुकांचे मतदान ऑक्टोबर महिन्यात झाले आणि २०२४ चे मतदान २० नोव्हेंबरला. कोकणात भात पिकते आणि कापणीला येते ते नेमके याच सुमारास. निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागू होते आणि तिच्या पाठोपाठ परवानाधारकांनी आपली शस्त्रे नजीकच्या पोलीस ठाण्यात जमा करावीत, असा जिल्हा प्रशासनाचा आदेश निघतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील शेतकऱ्याजवळची ठासणीची अथवा एकनळी बंदूक त्याला बहुधा शेतीसंरक्षणासाठी म्हणून दिलेली असते. तिचा उपयोग जनावर मारण्यापेक्षा रात्री-अपरात्री एखादा बार काढून रानडुकरांचा कळप पिटाळण्यासाठीच अधिक होतो. ती बंदूक भाताच्या ऐन हंगामात ठाण्याच्या कोठडीत पडून राहते आणि रानडुकरांना मात्र कोणतीही आचारसंहिता लागू होत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आचारसंहिता १६ मार्चला सुरू झाली आणि निकाल ४ जूनला लागला. रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघातील मतदान ७ मे रोजीच उरकले होते. परंतु देशातील अखेरचा टप्पा संपून मतमोजणी होईपर्यंत आणि त्यानंतरही आठवडाभर शस्त्रे परत देण्याची पद्धत नाही. म्हणजे काजूचा, आंब्याचा आणि उन्हाळी भाजीपाल्याचा सारा हंगाम वानरांच्या स्वाधीन झाला.

या आदेशामागील हेतूविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मतदान केंद्रे बंदुकीच्या धाकावर ताब्यात घेतल्याचे प्रकार या देशाने, विशेषतः उत्तरेकडील काही राज्यांनी, पाहिले आहेत आणि ते थांबविणे हे निवडणूक यंत्रणेचे कर्तव्यच होय. प्रश्न एवढाच, की मतदान केंद्र ताब्यात घेणारा माणूस आपली बंदूक परवाना काढून बाळगतो काय? ज्याच्या शस्त्राची नोंद सरकारदप्तरी आहे, ज्याचे नाव, गाव, छायाचित्र आणि बंदुकीचा क्रमांक जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत आहे, त्याच्यापर्यंत हा आदेश पोहोचतो. ज्याच्या शस्त्राची नोंदच नाही त्याच्यापर्यंत तो पोहोचू शकत नाही. आणि तरीही निवडणूक पार पडली की अमुक जिल्ह्यात इतकी शस्त्रे जमा झाली, अशी बातमी झळकते आणि त्या आकड्याकडे शांततेचे माप म्हणून पाहिले जाते.

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे २००९ साली आला. न्यायालयाने सरसकट जप्तीऐवजी छाननी समिती नेमावी, जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले, दंगलीत – विशेषतः निवडणूककाळातील दंगलीत – गुंतलेले जे परवानाधारक असतील त्यांचा प्रत्येकाचा विचार करून मगच शस्त्र जमा करण्यास सांगावे, असा मार्ग दाखविला, आणि निवडणूक आयोगानेही तो आपल्या सूचनांत स्वीकारला. पुढे अनेक ठिकाणी काय झाले हे कोकणातल्या शेतकऱ्यास विचारावे. छाननी करावयाची म्हणजे एकेक प्रकरण वाचावे लागते. सरसकट आदेशाला एक सही पुरते. एखाद्या परवानाधारकाची बंदूक ठेवू दिली आणि तीतून काही विपरीत घडले तर जाब अधिकाऱ्याला द्यावा लागणार; शंभर शेतकऱ्यांचे भात नासले तर त्याचा जाब कोणीही विचारीत नाही. अशा स्थितीत कोणताही शहाणा अधिकारी काय करील हे सांगण्यास अर्थशास्त्राचे ज्ञान लागत नाही. विशेष म्हणजे, याच राज्याच्या वन विभागाने पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना रीतसर अर्जानंतर ठार मारण्यास मुभा देण्याचे धोरण २०१५ साली ठरविले आहे. एक खाते मारण्याची परवानगी देते आणि दुसरे खाते मारण्याचे साधन काढून घेते. दोन्ही खात्यांचे कागद आपापल्या जागी बिनचूक असतात.

ही गोष्ट केवळ कोकणातील चार-दोन तालुक्यांची आणि एका आदेशाची असती तर तिच्यासाठी एवढी शाई खर्च करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु या देशातील शस्त्रविषयक कायद्यांचा जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हीच कथा निरनिराळ्या वेषांत पुन्हा पुन्हा भेटते. कायदा एकाला डोळ्यांपुढे ठेवून केला जातो आणि त्याचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो.

व्हाइसरॉय लिटन याच्या कारकीर्दीत १८७८ साली शस्त्रबंदीचा कायदा झाला. १८५७ ची आठवण ताजी होती आणि पुन्हा उठाव होऊ नये हा त्याचा उघड उद्देश होता. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मंडळींना नियमांद्वारे सूट देण्यात आली. एतद्देशीयांना मात्र परवान्याची अट घातली गेली. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला. त्यात अपमानाची भावना होती, तशीच लोकांना सोसाव्या लागणाऱ्या हालांची तक्रारही होती. श्वापदांपासून जीव आणि पीक कसे राखावे, हा प्रश्न पुढील कित्येक वर्षे या संदर्भात चर्चिला गेला. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो सुप्रसिद्ध ठराव झाला त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही समाविष्ट होता, हे आज अनेकांच्या स्मरणात नसेल.

साम्राज्य सरकारचा याहून मासलेवाईक प्रयोग १९०७ सालचा आहे. हिंदुस्थानच्या सरहद्दीवरील टोळ्यांच्या आणि सुदानमधील बंडखोरांच्या हाती जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या. त्यांच्या नळीचा व्यास ०.४५० इंच. त्यांना दारूगोळा मिळू नये म्हणून या व्यासाच्या खासगी रायफली आणि काडतुसे हिंदुस्थानात व सुदानात आणण्यास बंदी घालण्यात आली. तर्क वरकरणी बिनतोड होता. प्रत्यक्षात मोठ्या जनावरांची शिकार करणारे साहेब लोक हेच ०.४५० चे मुख्य गिऱ्हाईक होते. लंडनच्या बंदूककारांनी थोडक्याच काळात ०.४६५, ०.४७०, ०.४७५ अशा व्यासांच्या नव्या रायफली बाजारात आणल्या. साहेबांनी जुनी विकून नवी घेतली आणि त्यांतील ०.४७० चे काडतूस पुढे आफ्रिकेतील शिकाऱ्यांचे लाडके होऊन आजही टिकून आहे. सरहद्दीवरच्या टोळ्यांना या बंदीचा उपद्रव फारसा झाला नाही. त्यांचा माल मस्कतहून आणि इराणी आखातातून चोरट्या वाटांनी येत होता, आणि तो अडविण्यासाठी अखेर आरमारी नौकांना आखातात पहारा करावा लागला. एका अधिसूचनेने बंदूककारांच्या धंद्याला तेजी आणण्यापलीकडे काही साधले असेल तर ते शोधून काढावे लागेल.

लष्करी काडतूस खासगी बंदुकीत चालू नये, या धोरणाचे दुसरे अपत्य अजून आपल्यात वावरते आहे. लष्कराची रायफल ०.३०३ ची, म्हणून नागरिकांसाठी ०.३१५ व्यासाची वेगळी रायफल ठरविण्यात आली. स्वातंत्र्यानंतरही सरकारी कारखान्यांत तिचे आणि तिच्या काडतुसांचे उत्पादन चालू राहिले. आता उत्तर भारतातील पोलिसांच्या पंचनाम्यांत सर्वाधिक भेटणारे शस्त्र कोणते? एक बारा बोअरचा आणि दुसरा ‘तीनशे पंधरा’चा गावठी कट्टा. गावठी लोहार काडतूस बनवू शकत नाही. तो नळी बनवितो, आणि नळी बनविताना बाजारात कोणते काडतूस मिळेल हे पाहतो. परवानाधारकाच्या वाट्याची काडतुसे मागच्या दाराने बाहेर पडतात आणि कट्ट्याच्या नळीत बसतात. लष्कराचा दारूगोळा गुन्हेगाराच्या हाती पडू नये म्हणून जे वेगळे माप काढले, त्याच मापावर गुन्हेगाराचे शस्त्र उभे राहिले. कायद्याचे सारे लक्ष बंदुकीवर राहिले. काडतुसांचा हिशेब, जो पाहणे तुलनेने सोपे आहे, तो दुकानदाराच्या वहीत धूळ खात पडला.

स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. हा कायदा करणाऱ्यांविषयी आदरच वाटावा असे त्यात पुष्कळ आहे. परकीय सत्तेने प्रजेकडे पाहण्याची संशयी दृष्टी टाकून देण्याचा प्रामाणिक प्रयत्न त्यात दिसतो. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्यास परवाना द्यावा, असे त्याचे तेरावे कलम सांगते. चौदावे कलम तर असे बजावते, की अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून त्याला परवाना नाकारता येणार नाही. गरिबालाही जीव असतो आणि त्याच्याही शेतात डुक्कर शिरते, हे ज्याने हे कलम लिहिले त्याला ठाऊक होते.

व्यवहारात काय झाले? परवाना देणे न देणे हे सर्वस्वी जिल्हा प्रशासनाच्या मर्जीवर राहिले आणि जी वस्तू मर्जीवर अवलंबून असते ती वशिल्याची होते. उत्तर प्रदेश, बिहार, चंबळचे खोरे या भागांत खांद्यावरची दुनळी हे संरक्षणाचे साधन न राहता प्रतिष्ठेचे लक्षण बनले. २००८ साली मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यात तर नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषास बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना निघाली. वाचकांस हसू येईल. परंतु विषय गंभीर आहे. सरकारजवळचा एक परवाना एवढा दुर्मीळ आणि एवढा हवासा झाला होता, की त्याचा चलनासारखा उपयोग करून कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट गाठता येईल असे एका जिल्ह्याच्या प्रशासनास वाटले. बंदूक त्या माणसाच्या हाती देणे योग्य की अयोग्य, हा मूळ प्रश्न या सौद्यात कोठे राहिला?

पुरवठ्याची बाजू याहून उद्बोधक आहे. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रास्त्रनिर्मिती सरकारसाठी राखून ठेवली. खासगी कारखानदारांना साध्या शिकारी बंदुका, त्याही ठरवून दिलेल्या संख्येत, बनविण्यापुरती मुभा उरली. १९८० च्या दशकाच्या मध्यास परदेशी शस्त्रांची आयात सामान्य नागरिकांस बंद झाली. देशात आधीच असलेल्या जुन्या विलायती पिस्तुलांची किंमत त्यामुळे नव्या मालाहूनही कितीतरी पटींनी चढली आणि सीमाशुल्क खात्याने जप्त केलेली परदेशी शस्त्रे खासदारांना आणि निवडक अधिकाऱ्यांना विकत घेता येऊ लागली. सामान्य परवानाधारकास सरकारी कारखान्याच्या दारात उभे राहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. कानपूरच्या कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले, त्याची किंमत होती सुमारे १ लाख २२ हजार रुपये. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरांवर २०१७ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला आहे. गावठी कट्टा काही हजारांत मिळतो. त्याला परवाना लागत नाही, पोलीस पडताळणी लागत नाही आणि त्यावर करही भरावा लागत नाही. ज्या स्त्रीच्या नावाने निर्भीक बाजारात आले ती कारकून, शिक्षिका वा परिचारिका असेल तर ते विकत घेण्यास तिचा कित्येक महिन्यांचा पगार लागेल. तिला धाक दाखविणाऱ्याला लागणारे साधन त्याच्या एका आठवड्याच्या दारूच्या खर्चात येते.

बिहारमधील मुंगेरचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. अठराव्या शतकात मीर कासीमने आपली राजधानी तेथे नेली आणि शस्त्रे बनविण्याचे कारखाने उभे केले. ती विद्या घराघरांत टिकून राहिली. स्वातंत्र्यानंतर मुंगेरच्या परवानाधारक कारखान्यांत बारा बोअरच्या उत्तम बंदुका बनत असत. पुढे नव्या परवान्यांचे प्रमाण घटले, ठरावीक प्रकाराखेरीज दुसरे काही बनविण्याची मुभा नव्हती, आणि कारखाने रोडावले. कारागीर मात्र नाहीसे झाले नाहीत. पोलादाच्या सळईला भोक पाडून सरळ नळी काढणारा हात कायद्याने बेकार झाला म्हणून ती कला विसरत नाही. आज मुंगेरचे नाव चोरट्या पिस्तुलांच्या संदर्भातच ऐकू येते.

महाराष्ट्राच्या अंगणातही असेच एक गाव आहे. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी आहे. पिढ्यान्पिढ्या हत्यारे घडविणाऱ्या शिकलगार कुटुंबांची तेथे वस्ती आहे. तलवारींना धार लावणारी ही जमात. तिचा धंदा १८७८ नंतर हळूहळू बेकायदा ठरत गेला आणि त्याच्या जागी दुसरा धंदा देण्याचे कोणास सुचले नाही. पुण्या-मुंबईत पकडल्या जाणाऱ्या गावठी पिस्तुलांचा माग पुष्कळदा या गावापर्यंत जातो. २०२५ साली पुणे पोलिसांनी थेट तेथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. कारवाई आवश्यक होती यात शंका नाही. परंतु भट्टी म्हणजे चार विटा, कोळसा आणि भाता. ती पुन्हा उभी राहण्यास फार दिवस लागत नाहीत. मागणी शहरात आहे, कसब गावात आहे आणि या दोहोंमधील नफा प्रत्येक छाप्यानंतर जोखमीच्या प्रमाणात वाढत जातो, तोवर भाता चालू राहणार. त्या कसबाला कायदेशीर कारखान्यात जागा मिळेल काय, याचा विचार शस्त्र कायद्याच्या कोणत्याही दुरुस्तीत झालेला दिसत नाही.

दुरुस्त्या झाल्या त्या मुख्यतः शिक्षा वाढविण्यासाठी. १९८३ साली एका व्यक्तीस तीनहून अधिक बंदुका बाळगण्यास मनाई झाली आणि किमान शिक्षांची तरतूद कडक झाली. १९८८ साली, पंजाबातील दहशतवाद शिगेला पोहोचला असताना, सत्ताविसाव्या कलमात नवे पोटकलम घालण्यात आले. निषिद्ध शस्त्राच्या वापरामुळे, किंवा असे शस्त्र बाळगण्या-बनविण्यासंबंधीच्या मनाईचा भंग करणाऱ्या कृत्यामुळे कोणाचा मृत्यू ओढवला तर शिक्षा एकच – फाशी. हेतू होता की अपघात झाला, आरोपी कोण, परिस्थिती कोणती, हे पाहण्याची न्यायाधीशास मुभाच ठेवलेली नव्हती. याच्या पाचच वर्षे आधी, १९८३ साली, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने भारतीय दंडसंहितेतील ३०३ व्या कलमाची अनिवार्य फाशी घटनाबाह्य ठरविली होती. तो निवाडा डोळ्यांपुढे असताना संसदेने पुन्हा तीच चूक केली.

गंमत अशी, की ज्या प्रकरणात हे पोटकलम अखेर रद्द झाले त्यातील आरोपी दहशतवादी नव्हता. तो केंद्रीय राखीव पोलीस दलाचा शिपाई होता आणि सरकारने दिलेली रायफल आपल्याच दलातील वरिष्ठावर चालविल्याचा आरोप त्याच्यावर होता. दहशतवाद्यासाठी पसरलेल्या जाळ्यात त्याच्याशी लढणाऱ्या दलातलाच माणूस सापडला. उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले होते. सर्वोच्च न्यायालयाने १ फेब्रुवारी २०१२ रोजी राज्याचे अपील फेटाळले आणि ते पोटकलम समानतेच्या व जीविताच्या हक्काशी विसंगत म्हणून अवैध ठरविले. चोवीस वर्षे हे कलम पुस्तकात होते. त्या चोवीस वर्षांत किती न्यायाधीशांनी फाशी टाळण्यासाठी पुरावाच अपुरा मानला असेल, याची मोजदाद कोण करणार? शिक्षा अवाजवी कठोर झाली की दोष सिद्ध होणे अवघड होऊ लागते, हा अनुभव इंग्लंडने दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी घेतला होता. किरकोळ चोरीला फाशी असे, तेव्हा ज्यूरीतील मंडळी चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम कमी धरून आरोपीचा गळा वाचवीत असत.

आणि तरीही २०१९ साली गाडी त्याच चाकोरीतून गेली. २९ नोव्हेंबरला विधेयक लोकसभेत मांडले गेले, ९ डिसेंबरला तेथे आणि १० डिसेंबरला राज्यसभेत मंजूर झाले. बारा दिवसांत सारे आटोपले. त्यात स्वागतार्ह गोष्टी होत्या. शस्त्रांच्या चोरट्या व्यापाराची आणि संघटित गुन्हेगारी टोळ्यांची स्वतंत्र व्याख्या झाली, परवान्याची मुदत तीनाऐवजी पाच वर्षे झाली, लग्नाच्या वरातीत बेफिकिरीने बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड ठरला. परंतु या विधेयकाचे सर्वांत गाजलेले कलम निराळेच होते. बंदुकांची कमाल संख्या तीनावरून एकावर आणण्याचा मूळ प्रस्ताव होता; विरोध झाल्यावर ती दोनावर आली. तिसरी बंदूक वर्षाच्या आत पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची.

आता हा प्रश्न विचारणे भाग आहे, की परवान्याची तिसरी बंदूक हे या देशातील हिंसेचे कारण होते काय? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे वर्षानुवर्षांचे अहवाल सांगतात, की बंदुकीने होणाऱ्या हत्यांत परवान्याच्या शस्त्रांचा वाटा अल्प असतो. बहुतांश बळी विनापरवाना शस्त्रांचे असतात. ज्याच्याजवळ तीन बंदुका परवान्यावर आहेत तो दोन उरल्यामुळे एक गुन्हा कमी करील, असे मानण्यास कोणता आधार होता? या तरतुदीने ग्रासले ते निवृत्त सैनिकांना, आजोबांची जुनी दुनळी जपणाऱ्या कुटुंबांना आणि नेमबाजांना. नेमबाजांसाठी तर फेब्रुवारी २०२० मध्ये स्वतंत्र अधिसूचना काढून सवलती वाढवाव्या लागल्या. म्हणजे ऑलिंपिक आणि राष्ट्रकुल स्पर्धांत देशाला पदके मिळवून देणाऱ्या खेळावर आपल्या कलमाचा काय परिणाम होईल, याचा पुरता विचार कायदा झाल्यानंतर दोन महिन्यांनी झाला. बाजाराच्या दृष्टीनेही ही तरतूद विचित्र होती. हजारो लोकांना एकाच वर्षात तिसरी बंदूक विकावयास लावली आणि त्याच वेळी दोन बंदुका असलेल्या प्रत्येक संभाव्य गिऱ्हाइकास खरेदीची बंदी घातली. अशा बाजारात भाव काय मिळणार, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही सांगता येईल. सरकारने भरपाई दिली नाही. जमा केलेली बंदूक कवडीमोल झाली म्हणून ती मुळात जमाच न करण्याचा मोह किती जणांना झाला असेल, आणि अशा रीतीने नोंदलेले शस्त्र बेनोंदी कसे होत असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

याच दुरुस्तीने साधे विनापरवाना शस्त्र बाळगण्याची किमान शिक्षा एका वर्षावरून दोन वर्षांवर आणि कमाल तीनावरून पाच वर्षांवर नेली. विशेष कारणे नमूद करून कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायालयास आहे, हे खरे. तथापि परवान्याचे नूतनीकरण राहून गेलेला डोंगराळ पाड्यावरचा वृद्ध शेतकरी आणि खंडणीसाठी कमरेला पिस्तूल लावणारा तरुण या दोघांची गणना प्रथमदर्शनी एकाच कलमात होते. त्यांतील पहिल्याला वकील मिळविणे अवघड जाते आणि दुसऱ्याला ते सोपे असते.

शस्त्रांवर निर्बंधच नकोत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. निर्बंध विचारपूर्वक घातले तर लाभतात, याची साक्ष ऑस्ट्रेलिया देतो. पोर्ट आर्थर येथील १९९६ च्या हत्याकांडानंतर तेथील सरकारने स्वयंचलित व अर्धस्वयंचलित धर्तीच्या बंदुकांवर बंदी घातली; पण त्या काढून घेताना मालकांना बाजारभावाने पैसे दिले आणि तो पैसा उभारण्यासाठी आरोग्यसेवेच्या करात एका वर्षापुरती वाढ केली – दीड टक्क्यावरून १.७ टक्के. साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारजमा झाल्या. उलट कॅनडाने १९९५ साली प्रत्येक साध्या शिकारी रायफलीचीही नोंदणी सक्तीची केली. शुल्काचे उत्पन्न वजा जाता केवळ वीस लाख डॉलर पदरचे पडतील, असे संसदेला सांगितले गेले होते. २००२ साली महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले, की खर्च शंभर कोटी डॉलरच्या घरात जाणार आहे. २०१२ साली लांब नळीच्या बंदुकांची ती नोंदणी मोडीत काढण्यात आली. टोरांटोतील टोळ्यांची पिस्तुले प्रामुख्याने अमेरिकेच्या सीमेवरून येत होती. शेतकऱ्याच्या कोठारातील रायफलीची नोंद करून ती अडणार नव्हती. ऑस्ट्रेलियाने किंमत आधी मोजली आणि ती सर्वांवर वाटून घेतली. कॅनडाने ती मोजलीच नाही. आपण ती मोजतो किंवा नाही हे सांगणेही कठीण आहे, कारण कोकणातील शेतकऱ्याचे नासलेले भात कोणत्याच अंदाजपत्रकात येत नाही.

आपल्याकडे करता येण्याजोग्या काही गोष्टी फारशा खर्चिक नाहीत. शेतीसंरक्षणाचा परवाना हा निवडणूककाळात वगळण्याचा नियम आणि जमा करण्याचा अपवाद असावा; २००९ च्या निर्देशांचा अर्थ याहून वेगळा नाही. ज्याची बंदूक छाननीविना ठेवून घेतली त्याला हंगामात झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी. म्हणजे सरसकट सही करण्यापूर्वी लेखणी क्षणभर थबकेल. काडतुसांच्या विक्रीचा हिशेब जिल्हावार तपासून ज्या दुकानांतून खप अनैसर्गिक आहे त्यांच्याकडे पाहावे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी खासगी उत्पादनाचे दार काहीसे उघडले आहे. त्या दारातून मुंगेरच्या आणि उमर्टीच्या कारागिरांना आत घेण्याची अट नव्या कारखान्यांच्या परवान्यात घालता येणे अशक्य नाही. गृह, वन, कृषी आणि उद्योग अशी चार खाती त्यासाठी एका मेजाभोवती बसावी लागतील. २०१९ च्या त्या बारा दिवसांत तशी बैठक झाल्याचे कोठे नमूद नाही.